पारा, दशांशचिन्ह आणि वार्ता : खान्देशातील तापमानवृत्तांचे एक वाचन

प्रसारमाध्यमांतून येणाऱ्या विज्ञानविषयक मजकुराचा विचार आपल्याकडे बहुधा दोन अंगांनी होत आला आहे. एक अंग प्रबोधनाचे. वाचक अज्ञानी आहे आणि विज्ञान त्याच्यापर्यंत सोप्या मराठीतून पोचले पाहिजे, ही त्यामागची धारणा. १९२८ साली पुण्यात सुरू झालेले ‘सृष्टिज्ञान’ मासिक किंवा १९६६ साली स्थापन झालेली मराठी विज्ञान परिषद यांच्या कार्याला या धारणेनेच बळ दिले. त्या कार्याचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. दुसरे अंग तक्रारीचे. वार्ताहरास विज्ञान कळत नाही, तो अतिशयोक्ती करतो, शास्त्रज्ञाच्या तोंडी नसलेली वाक्ये घालतो, अशी ही तक्रार असते. या दोन्ही भूमिकांत एक गोष्ट समान आहे. दोहोंनाही वृत्तपत्रीय मजकूर हा निव्वळ वाहक वाटतो. पाणी शुद्ध असले आणि नळ गळका नसला की झाले! वार्ता ही एक संहिता आहे, तिला स्वतःचे व्याकरण आणि स्वतःच्या अलंकरणाच्या रूढी आहेत, आणि विज्ञानाचे विधान तिच्यात शिरते तेव्हा त्या व्याकरणानेच त्याचे रूप पालटते, हा विचार साहित्यसमीक्षेनेही फारसा केलेला नाही.

प्रस्तुत लेखात हा विचार एका अगदी किरकोळ वाटणाऱ्या उदाहरणावरून करावयाचा आहे. जळगाव आणि धुळे या जिल्ह्यांच्या पानांवर वर्षातून किमान सहा महिने तापमानाची बातमी असते. सामान्य वाचकाच्या हाती रोज पडणारा विज्ञानविषयक मजकूर तो हाच. अवकाशयाने आणि जनुके त्याच्या वाट्याला क्वचित येतात. उत्तरेस सातपुडा, दक्षिणेस सातमाळा-अजिंठ्याच्या रांगा आणि मधून पश्चिमेकडे वाहणारी तापी, अशा या समुद्रापासून दूर पडलेल्या काळ्या मातीच्या पट्ट्यात कोरडी हवा उन्हाळ्यात लवकर तापते आणि हिवाळ्यातील निरभ्र रात्री तितक्याच लवकर निवते. त्यामुळे जळगाव-भुसावळ उन्हाळ्याच्या आणि धुळे हिवाळ्याच्या बातमीचे धनी झाले आहेत.

बातमीतील पहिले चिन्ह ‘पारा’. पारा चढतो, घसरतो, पंचेचाळिशी गाठतो, गोठतो. आपल्या काव्यशास्त्राच्या भाषेत ही लक्षणा होय. मुख्यार्थाचा बाध आहे, मुख्यार्थाशी संबंध आहे. राहता राहिली तिसरी अट, रूढी किंवा प्रयोजन यांपैकी एक. कधीकाळी येथे प्रयोजन असावे, कारण नळीतील पाऱ्याचा स्तंभ डोळ्यांना दिसत होता. आज बहुसंख्य आकडे ज्या स्वयंचलित केंद्रांतून येतात त्यांत पारा नसतोच. धातूच्या तारेचा विद्युतरोध मोजून तापमान काढले जाते. उपकरणातून पारा गेला, मथळ्यातून गेला नाही. ही आता निव्वळ रूढा लक्षणा आहे, आणि रूढा लक्षणेचा धर्म असा की ती ऐकणाऱ्याला लक्षणा म्हणून जाणवत नाही. ‘पारा ४५.२’ असे वाचताना कोणी तरी, कोठे तरी, कशाने तरी मोजले आहे हा सारा व्यवहार लोपतो आणि निसर्गच आपला आकडा सांगत आहे असा भास उरतो.

या भासाचे दुसरे साधन दशांशचिन्ह. रोलाँ बार्थ यांच्या १९६८ सालच्या ‘वास्तव-परिणामा’विषयीच्या निबंधाचा आरंभ ज्या वस्तूपासून होतो ती हवामानाचेच उपकरण आहे, हा योगायोग मजेचा. फ्लोबेरच्या एका कथेतील दिवाणखान्यात भिंतीवर वायुभारमापक टांगलेला आहे. कथानकात त्याचे काही काम नाही. बार्थ यांचे म्हणणे असे की अशा निरुपयोगी तपशिलाचे काम एवढेच, की ‘हे वास्तव आहे’ असे सुचविणे. तापमानाच्या बातमीतील ‘.२’ हा असाच एक भिंतीवरचा वायुभारमापक आहे. ४५ आणि ४५.२ यांतील फरक कोणाच्याही अंगाला कळत नाही. शिवाय त्याच शहराच्या दोन टोकांना मोजलेल्या तापमानांत याहून मोठी तफावत सहज असू शकते. तरी दशांशावाचून बातमी बातमी वाटत नाही. दशांशाने ती मोजलेली ठरते.

येथपर्यंतचे विवेचन वृत्तपत्रांची थट्टा करण्यास पुरेसे आहे आणि बार्थ यांचा आधार घेऊन आपल्याकडील बरीच माध्यमसमीक्षा येथेच थांबते. परंतु खान्देशातील वाचक येथे थांबू शकत नाही, कारण त्याच्या दृष्टीने दशांश निरुपयोगी नाही. त्याकडे पुढे येऊ. तत्पूर्वी वाक्याचे व्याकरण पाहू.

‘जळगावचे तापमान ४५.२ अंश’. या वाक्यातील सर्वांत बोलके पद ‘चे’ हा षष्ठीचा प्रत्यय आहे. तापमान जळगावच्या मालकीचे आहे, जशी लोकसंख्या किंवा नगरपालिका. प्रत्यक्षात मोजले जाते ते काय? जमिनीपासून सव्वा ते दोन मीटर उंचीवर, थेट ऊन लागणार नाही पण वारा खेळता राहील अशा आवरणात, मोकळ्या जागेतील हवेचे तापमान. जुन्या वेधशाळांतून दिसणारी, झरोक्यांच्या फळ्यांची पांढरी लाकडी पेटी याचसाठी असते. ती बनविणारा थॉमस स्टीव्हन्सन हा दीपगृहे बांधणारा स्कॉटिश अभियंता म्हणजे ‘ट्रेझर आयलंड’च्या कर्त्याचा पिता; वाङ्मयाच्या अभ्यासकाला एवढी ओळख पुरावी. या पेटीचे सारे प्रयोजन ऊन बाहेर ठेवण्याचे आहे. म्हणजे उन्हाची म्हणून जी बातमी आपण वाचतो ती मुळात सावलीची बातमी असते. जळगावच्या रस्त्यावरील डांबर, पत्र्याखालची खोली, कपाशीच्या शेतातील दुपार यांपैकी कशाचेही ते तापमान नव्हे. ते नसणे हाच त्या मोजणीचा गुण आहे, कारण त्यामुळेच जळगावचा आकडा नागपूरच्या किंवा मागील वर्षीच्या आकड्याशेजारी ठेवता येतो.

षष्ठीने हे सारे पुसले जाते. भुसावळचा म्हणून छापला जाणारा आकडा अनेकदा केंद्रीय जल आयोगाच्या तेथील केंद्रातला असतो, जळगावचा ममुराबादच्या कृषी हवामान केंद्रातला, धुळ्याचा तेथील कृषी महाविद्यालयातला. या केंद्रांच्या नोंदी खोट्या आहेत असे येथे म्हणावयाचे नाही. त्यांचे परिसर, उपकरणे आणि मोजण्याची कारणे भिन्न आहेत एवढेच. ‘भुसावळने जळगावला मागे टाकले’ अशा स्पर्धेच्या भाषेत त्या नोंदी येतात तेव्हा भिन्नता नाहीशी होते आणि शर्यत उरते. मोटारीच्या फलकावरील आणि भ्रमणध्वनीवरील आकडे आता या शर्यतीत उतरले आहेत. त्यांतील पहिला रस्त्याच्या उष्णतेने वाढलेला असतो आणि दुसरा पुष्कळदा मोजलेला नसतोच, संगणकीय गणिताने अंदाजलेला असतो.

धुळ्याचे हिवाळी वृत्त या दृष्टीने अधिक उद्बोधक आहे. ‘महाबळेश्वरपेक्षा धुळे थंड’ हा मथळा दर हिवाळ्यात कोणत्या ना कोणत्या रूपाने भेटतो, आणि तो आश्चर्याच्या सुरात लिहिलेला असतो. आश्चर्य वाचकाच्या मनातील एका समजुतीवर उभे आहे : उंच ते थंड. दिवसा ते बव्हंशी खरे. परंतु कोरड्या, निरभ्र आणि निवांत रात्री जमीन आपली उष्णता आकाशाकडे टाकते, तिला लागून असलेली हवा निवते, जड होते आणि उतारावरून सखल भागात साचते. तेराशे मीटरहून उंच असलेले महाबळेश्वर या साचलेल्या थंडीच्या वर राहते. नदीखोऱ्यातील शेतशिवार तिच्यात बुडते. शिवाय धुळ्याचा आकडा महाविद्यालयाच्या मोकळ्या शेतजमिनीवरचा आहे, गल्लीतल्या दगडी-सिमेंटी भिंतींमधला नाही. म्हणजे ज्याला बातमी चमत्कार म्हणते ते घडणे अपेक्षितच होते. वार्तेला मात्र ‘का’ नको असतो. तिला ‘पेक्षा’ हवा असतो. ज्या शेतकऱ्याने पहाटे नाल्याकाठच्या वावरात आणि टेकडीवरच्या वावरात पाय ठेवला आहे त्याला ही गोष्ट ठाऊक असते. तो ती ‘तापमान-व्युत्क्रम’ या नावाने ओळखत नाही, एवढाच काय तो फरक.

परिभाषेचे एक उदाहरण येथेच नोंदविले पाहिजे. ‘उष्णतेची लाट’ हा शब्दप्रयोग बोलीत आणि शास्त्रात एकच आहे, अर्थ एक नाही. भारतीय हवामान खात्याच्या निकषानुसार मैदानी भागात कमाल तापमान किमान ४० अंश असावे आणि ते सरासरीपेक्षा ४.५ अंश किंवा अधिक वर असावे. अन्यथा ते प्रत्यक्ष ४५ अंशांवर तरी जावे. शिवाय हवामानशास्त्रीय उपविभागातील किमान दोन केंद्रांवर, सलग दोन दिवस. आता मे महिन्यात जळगावची सरासरीच बेचाळिशीच्या आसपास असते. तेव्हा ४३ किंवा ४४ अंशांची दुपार ही या व्याख्येनुसार लाट नव्हे. ज्या प्रदेशाला उष्णता सवयीची आहे तेथे शास्त्राची भाषा उशिरा सावध होते, ही त्या व्याख्येची मर्यादा आहे. आणि ‘लाट ओसरली’ असे वाचून वीटभट्टीवर किंवा रेल्वेच्या फलाटावर ओझे उचलणाऱ्याने काय समजावे हा प्रश्न शब्दार्थाचा राहत नाही. उपविभागाचे नावही असेच घोटाळ्याचे. हवामान खात्याच्या नकाशात खान्देश ‘मध्य महाराष्ट्रा’त मोडतो, कोल्हापूर-पुण्यासह. ज्याचे विद्यापीठ १९९० पासून ‘उत्तर महाराष्ट्र’ हे नाव मिरवते आहे, त्या जळगावच्या वाचकाला ‘मध्य महाराष्ट्रात लाटेचा इशारा’ हे दुसऱ्या कोणाचे पत्र वाटल्यास त्याचा दोष नाही. बातमी हे पत्र जसेच्या तसे पुढे ढकलते.

उलट दिशेचे उदाहरण खारघरचे. १६ एप्रिल २०२३ रोजी तेथील उघड्या मैदानावरील ‘महाराष्ट्र भूषण’ पुरस्काराच्या समारंभानंतर चौदा माणसे मृत्युमुखी पडली. त्या दिवशीचे त्या परिसरातील कमाल तापमान ३८ अंशांच्या आसपास नोंदले गेले होते. खान्देशी वाचकाला ३८ हा आकडा सुखाचा वाटावा असा आहे. परंतु तो आकडा सावलीतल्या हवेचा होता आणि माणसे तासन्‌तास उन्हात होती. शिवाय किनाऱ्याजवळच्या दमट हवेत घाम वाळत नाही, आणि घाम वाळला नाही तर शरीर निवत नाही. हे भौतिकशास्त्र जळगावातल्या प्रत्येक घराला अनुभवाने माहीत आहे. मे महिन्यात जो कूलर खोली गार करतो तोच पहिल्या पावसाआधीच्या आठवड्यात नुसता ओला वारा फेकत बसतो. तापमान आणि ताप यांतील हे अंतर बातमीच्या एका आकड्यात मावत नाही.

आकडा चुकू शकतो हे तर बातमीला फार उशिरा सुचते. मे २०२४ च्या अखेरीस दिल्लीतील मुंगेशपूरच्या स्वयंचलित केंद्राने ५२.९ अंश आणि पाठोपाठ नागपुरातील एका केंद्राने ५६ अंश दाखविले. ते आकडे पहिल्या पानावर गेले. संवेदकाचा दोष असल्याचा हवामान खात्याचा खुलासा आतल्या पानावर. यावर अधिक लिहिण्याचे कारण नाही, कारण ही चूक सर्वांना दिसली. न दिसणारी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे.

ती अशी. मराठी व्याकरणात क्रियापदाचे चार अर्थ सांगितले जातात : स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ आणि संकेतार्थ. विज्ञानाचे विधान, ते कोणत्याही रूपात लिहिलेले असो, आशयाने संकेतार्थी असते. अमुक साधनाने, अमुक उंचीवर, अमुक आडोशाने मोजले तर इतके. अमुक अटी टिकल्या तर असे घडेल. वार्तेचे विधान स्वार्थात असते : इतके आहे; असे घडले. (या व्याकरणिक संज्ञेला असलेला दुसरा अर्थ येथे अभिप्रेत नाही, जरी वृत्तपत्राच्या मालकांना तो लागू पडत असला.) विज्ञानाच्या माध्यमीकरणात जी हानी होते ती प्रामुख्याने माहितीची किंवा अचूकतेची नसते; आकडा अचूक उतरवूनही ती होते. ती क्रियापदाच्या अर्थाची हानी आहे. ‘जर-तर’ गळून पडते. आणि ते वार्ताहराच्या अडाणीपणाने गळत नाही. वार्ता नावाच्या साहित्यप्रकाराला घटना लागते आणि घटनेला ‘जर’ नसतो.

हे मान्य केल्यास सार्वजनिक विज्ञानबोधाविषयीच्या प्रचलित प्रतिमानाकडेही वेगळ्या दृष्टीने पाहावे लागते. १९८५ साली लंडनच्या रॉयल सोसायटीने वॉल्टर बॉडमर यांच्या अध्यक्षतेखाली या विषयावर जो अहवाल प्रसिद्ध केला त्याने जगभर या अभ्यासक्षेत्रास चालना दिली. परंतु त्याची भूमिका, पुढे टीकाकारांनी म्हटल्याप्रमाणे, उणिवेची होती. लोकांपाशी ज्ञान कमी आहे, ते भरून काढा. ब्रायन विन या समाजशास्त्रज्ञाने या भूमिकेला दिलेले उत्तर इंग्लंडच्या कंब्रिया भागातील मेंढपाळांच्या अभ्यासातून आले. १९८६ च्या चेर्नोबिल अपघातानंतर त्या डोंगराळ भागावर पावसाबरोबर किरणोत्सारी सीझियम उतरले. मेंढ्यांच्या विक्रीवर बंदी आली आणि ती तीन आठवड्यांत उठेल असे अधिकृतपणे सांगण्यात आले. काही शिवारांत ती २०१२ पर्यंत राहिली. शास्त्रज्ञांचे गणित चिकणमातीच्या गुणधर्मांवर आधारलेले होते. डोंगरावरची माती आम्ल, कुजकट, सेंद्रिय होती आणि तिच्यात सीझियम बांधले न जाता पुनःपुन्हा गवतात चढत होते. ‘अशी माती असेल तर’ ही अट निवेदनातून गळाली होती. मेंढपाळांचा अविश्वास हा विज्ञानाच्या अज्ञानातून आला नव्हता. गळालेली अट त्यांच्या पायाखाली होती.

येथे आपल्याकडील एका सवयीविषयी लिहिले पाहिजे. असा विषय निघाला की खान्देशातील लेखक-वक्ते ताबडतोब बहिणाबाईंना साक्षीला बोलावतात. शास्त्रज्ञाचे पुस्तकी ज्ञान एका बाजूस आणि मातीतून उगवलेले लोकज्ञान दुसऱ्या बाजूस, असा देखावा उभा राहतो. १९५२ साली ‘बहिणाबाईची गाणी’ प्रसिद्ध झाल्यापासून त्या कवितेवर हे ओझे आहे आणि ते तिच्यावर अन्याय करणारे आहे. कविता म्हणून तिचे जे म्हणणे आहे ते त्याखाली दबते. शेतकऱ्यावरही अन्यायच. कारण आजचा रावेर-यावलचा केळी उत्पादक म्हणींच्या आधारे शेती करीत नाही. तो आकडे वाचतो, आणि प्रस्तुत लेखकाच्या अनुभवात, विद्यापीठातील आपणा मंडळींहून बारकाईने वाचतो.

तो तसे का वाचतो याचे कारण हवामानावर आधारित फळपीक विमा योजनेत आहे. या योजनेत तापमानाच्या धोक्यापुरते तरी पंचनामा होत नाही. केळीचे घड करपले किंवा थंडीने पाने पिवळी पडून वाढ खुंटली, हे कोणी बांधावर येऊन पाहत नाही. महसूल मंडळातील संदर्भ हवामान केंद्राची नोंद पाहिली जाते. करारात ठरविलेल्या मुदतीत तापमान ठरलेल्या अंशाच्या खाली किंवा वर, सलग ठरलेले दिवस राहिले तर ठरलेली रक्कम. एक दिवस कमी भरला तर नाही. राज्यात २०१७ पासून ‘महावेध’ प्रकल्पाखाली मंडळामंडळांत मिळून दोन हजारांहून अधिक स्वयंचलित केंद्रे उभी राहिली, त्यांना या व्यवहारात असे न्यायाधीशाचे स्थान आहे. हा करार म्हणजे शुद्ध संकेतार्थातील संहिता होय. तिच्यात एकही विशेषण नाही.

आता एकाच सकाळी या दोन संहिता एका वाचकापुढे येतात असे समजा. वृत्तपत्र सांगते की थंडीने कहर केला, जिल्हा गारठला, पारा सातवर. मंडळातील यंत्राने त्या रात्री आठ अंश आणि वर काही दशांश नोंदविले आहेत आणि करारातील मर्यादा आठची आहे. बातमी खोटी नाही. ती दुसऱ्या केंद्राची आहे. यंत्र खोटे आहे असेही नाही. ते गावठाणाजवळ, एखाद्या भिंतीच्या उबेत असू शकते आणि बाग सखल नदीकाठी. ज्या दशांशाला आपण मघाशी फ्लोबेरच्या भिंतीवर टांगून ठेवले तो येथे उतरून हिशेबाच्या वहीत बसतो. बार्थ यांचा सिद्धांत चुकीचा ठरत नाही, पण तो वाचकाची एक विशिष्ट जागा गृहीत धरतो : जिला तपशिलाची किंमत मोजावी लागत नाही अशी जागा. चिन्हाचा वास्तवाशी संबंध नसून केवळ वास्तवाभासाशी आहे असे म्हणण्याची सोय ज्याला विमा उतरवावा लागत नाही त्याला असते. माध्यमसमीक्षेने चिन्हमीमांसेची उपकरणे वापरताना ही आपली जागा ओळखली नाही तर तीही एक ‘जर’ गाळूनच बोलत राहील.

याला एक आक्षेप संभवतो. मथळ्यात केंद्राचे नाव, उंची, आवरण असे सर्व कसे छापणार? वार्ता म्हणजे शोधनिबंध नव्हे. आक्षेप खरा आहे. परंतु त्याचे उत्तर वृत्तपत्राच्या त्याच पानावर अनेकदा असते. कोपऱ्यात, बारीक टाइपात, एक तक्ता असतो : ठिकाण, कमाल, किमान, क्वचित सरासरीपासूनचा फरक. तक्त्याला क्रियापद नाही, विशेषण नाही, स्पर्धा नाही. मथळा जे गाळतो त्यातील थोडे तरी तक्ता राखतो. एकाच पानावरील या दोन साहित्यप्रकारांपैकी संपादकीय कौशल्य सारे पहिल्यावर खर्च होते. दुसरा आला तसा जुळविला जातो. मंडळातील यंत्रे कोठे आणि कशी बसविली आहेत याविषयीच्या शेतकऱ्यांच्या तक्रारीही याच जिल्हा पानांवर येत असतात, हे न्यायाने सांगितले पाहिजे. त्या मात्र ‘शेती’ किंवा ‘आंदोलन’ या सदरात येतात. त्या मापनविज्ञानाच्या बातम्या आहेत, किंबहुना त्या जिल्ह्यातील विज्ञानविषयक वृत्तांपैकी सर्वांत गंभीर बातम्या आहेत, असे मानून त्या कोणी लिहीत नाही. उष्माघाताच्या मृत्यूबाबत हेच होते. बातमीत तो ‘बळी’ असतो, आरोग्य यंत्रणेच्या कागदावर समितीचा निर्णय होईपर्यंत ‘संशयित’. या दोन शब्दांच्या मध्ये कोणत्या तपासण्या आहेत, मृत्यू घरी झाला असेल तर त्या कशा व्हायच्या, हे वाचकाला कळत नाही. त्याला फक्त सरकार आकडा लपविते एवढे कळते. कधी ते खरेही असू शकते, पण या मजकुरावरून ते ठरविता येत नाही.

काही काळापूर्वी पदव्युत्तर वर्गात वृत्तभाषेवर बोलताना प्रस्तुत लेखकाने तापमानाचे एक कात्रण फळ्यावर लावले आणि त्यातील रूपके शोधावयास सांगितली. विद्यार्थ्यांनी ती भराभर शोधली : आग ओकणे, होरपळणे, कहर. यावल तालुक्यातून येणारा एक विद्यार्थी मात्र उठून फळ्याजवळ आला आणि कात्रणाच्या खालच्या कडेशी बोट नेऊन काही शोधू लागला. काय पाहतोस असे विचारल्यावर त्याने सांगितले, ‘‘सर, तक्ता कापला गेलाय. आमचं मंडळ त्यात नसतंच, पण आधी तेच बघायची सवय आहे.’’